गुरुवारची पेपरमिंटची डबी

१ जुलै, सोमवार

पहिल्याच दिवशी अंगावर खुर्ची आली. अगदी खरोखरची, लोखंडी. लेस्टर कॉर्नेट नावाच्या माणसाला झोपेच्या गोळ्या नऊ दिवस आधी हव्या होत्या. मी नियम सांगितला. त्याने वाट बघणाऱ्यांसाठी ठेवलेली खुर्ची उचलली आणि काउंटरवरून भिरकावली. मी खाली बसले म्हणून डोकं वाचलं. मागच्या फळीवरच्या खोकल्याच्या बाटल्या फुटल्या आणि दुकानभर चेरीचा वास सुटला.

डॉकने काउंटरखालून कुऱ्हाडीचा दांडा काढला. नुसता दांडा, पातं नाही. तो समोर आडवा ठेवला आणि म्हणाला, "लेस्टर, खुर्ची उचल. सरळ कर. आता बस तिच्यावर. आणि आईचं काय झालं ते सांग." तो सहा फुटी बाप्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडायला लागला. आई परवाच गेली म्हणे.

"हे आहे का गं तुमच्या पुस्तकात?" डॉकने मला विचारलं.

"नाही."

"मग लिहून घे."

डॉक म्हणजे बर्जेस नेपियर, वय एकाहत्तर. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट. पण टॉलर्स क्रीकमध्ये जो गोळी देतो तो डॉक. मी केंड्रा स्टिडम, वय सव्वीस. पदवी आहे, परवाना आहे, तरी आणखी एक वर्ष याच्या हाताखाली शिकायचं. याला रेसिडेन्सी म्हणतात. वर्गातल्या हुशार पोरांनी मोठी हॉस्पिटलं धरली. मी हट्टाने गावातलं दुकान मागून घेतलं, कारण माझा बाप अशाच एका डोंगरगावात दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्यांनी मेला. दोन्ही गोळ्या एकाच दुकानातून आल्या होत्या आणि दुकानदाराच्या नोंदीत त्यातली एकच होती. तेव्हापासून अर्धवट नोंद दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

विद्यापीठाने एक चिंतनवही दिलीय, ती दर महिन्याला दाखवायची असते. तिच्यात गोडगोड लिहीन. ही वही माझी एकटीची.

११ जुलै, गुरुवार

एक मजेशीर गिऱ्हाईक. वर्लीन स्परलॉक, छत्तीस वर्षांची, हडकुळी, या उकाड्यात गळ्याला रुमाल. आली, पर्समधून पेपरमिंटची रिकामी पत्र्याची डबी काढून काउंटरवर ठेवली. डॉकने तिसऱ्या खणातून भरलेली डबी काढली, रिकामी आत टाकली. दोघं एक शब्द बोलले नाहीत. ती गेली.

"दर गुरुवारी येते," मिस विल्मा म्हणाली. मिस विल्मा दुकानात बत्तीस वर्षं आहे. गोळ्या मोजते, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि सगळ्यांची लफडी जाणते.

"एवढं पेपरमिंट? दात किडतील बाईचे."

"ते गिऱ्हाईक डॉकचं आहे, बाळ," एवढं बोलून मिस विल्मा मोजायला लागली.

१९ जुलै, शुक्रवार

आज वर्लीनचा नवरा आला, डेल्बर्ट. गावच्या अग्निशमन पथकाचा मुख्य. सगळे स्वयंसेवक, पगार नाही, तरी माणूस रात्रंदिवस पळतो. काय गोड माणूस! माझ्यासाठी टोपलीभर टोमॅटो घेऊन आला.

"काय डॉक्टरीणबाई, या म्हाताऱ्याने छळलं तर सांगा. बंबाचं पाणी मारतो त्याच्यावर."

घरातली सगळी औषधं तोच नेतो. स्वतःची बीपीची, बायकोची थायरॉइडची, मोठ्या मुलीचा दम्याचा पंप. प्रत्येक पिशवी उघडून बघतो, प्रत्येक गोळी कशाची ते विचारतो. असे नवरे मला आत्तापर्यंत दोनच भेटलेत.

"चार मुली झाल्या," तो हसत म्हणाला, "पण पाचवा मुलगाच. नावसुद्धा ठरलंय. डेल्बर्ट धाकटा."

मी हसले. डॉक हसला नाही. तो गेल्यावर डॉकने टोमॅटो मागच्या कचऱ्याच्या पिंपात ओतले, टोपलीसकट. मी विचारलं तर म्हणाला, "मला टोमॅटो चालत नाहीत." काल दुपारी हाच मनुष्य पावात टोमॅटोच्या जाड जाड चकत्या घालून खात होता! लहरी म्हातारा.

२ ऑगस्ट, शुक्रवार

प्रकल्प ठरला. रेसिडेन्सीत एक प्रकल्प करावाच लागतो आणि मे महिन्यात सगळ्यांसमोर मांडावा लागतो. माझा असा: एका घरातली सगळी औषधं महिन्यातून एकाच दिवशी, एकाच पिशवीत, सोबत छापील यादी. कुठलं औषध, कशासाठी, कधीपासून. कोणी विसरणार नाही, कुठलं औषध नोंदीबाहेर राहणार नाही. पहिली साठ घरं निवडली. स्परलॉकही त्यात.

फायली वाचताना वर्लीनच्या फाइलमध्ये बाळंतपणाच्या डॉक्टरांचं पत्र मिळालं. चौथ्या वेळी इतका रक्तस्राव झाला की बाई हातची गेलीच होती. 'पुन्हा दिवस राहिल्यास जीव वाचण्याची खात्री देता येत नाही.' आणि नवरा मुलाचं नाव ठरवून बसलाय. बिचाऱ्याला कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. माझ्या कामांच्या यादीत लिहून ठेवलं: डेल्बर्टशी बोलणे.

१४ ऑगस्ट, बुधवार

पार्किंगमध्ये दोन भाऊ एका वारशाच्या बंदुकीवरून भिडले. एकाने दुसऱ्याचा कान चावून तोडला. मी कानाचा तुकडा बर्फात घालून दिला. चिंतनवहीत लिहिलं: 'आज प्रथमोपचाराची संधी मिळाली.'

५ सप्टेंबर, गुरुवार

वर्लीनच्या भुवईवर सात टाके. ओसरीच्या पायरीवरून पडली म्हणे. डोक्याला मार बसल्यापासून तिला फिट्स येतात. फिट्सची गोळी सुरू झालीय. डेल्बर्ट कालच घेऊन गेला. "आमची बाई म्हणजे वेंधळी नंबर एक," म्हणाला. "मागच्या वर्षी मनगट, त्याआधी बरगड्या. घराला गाद्या लावून घ्याव्या म्हणतो."

मी सुचवलं की ओसरीला कठडा लावा. त्याने मान डोलावली, लावतो म्हणाला.

डॉक दुपारी खलात काहीतरी कुटत होता. मी डोकावले तर खल रिकामा. रिकाम्या खलात बत्ता आपटत होता.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डॉक लेक्सिंग्टनला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला. सोमवारपर्यंत दुकान माझ्या हवाली. जाताना म्हणाला, "गुरुवारी वर्लीन येईल. डबी भरून ठेवलीय. द्यायची आणि गप्प बसायचं."

"डॉक, पेपरमिंट द्यायला मला शिकवू नका."

तो काहीतरी बोलणार होता. बाहेर बायकोने हॉर्न वाजवला आणि तो गेला.

२५ सप्टेंबर, बुधवार

रागातच लिहितेय.

चिठ्ठ्यांच्या फिती संपल्या म्हणून तिसरा खण उघडला. डबीत पेपरमिंट नाहीच. गर्भनिरोधक गोळ्या! अठ्ठावीसच्या पाकिटातून सात गोळ्यांची एक ओळ कात्रीने कापलेली, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. खाली एक जुनं कार्ड, डॉकच्या अक्षरात तारखांची रांग, तीन वर्षांपासूनची. कॉम्प्युटरवर एक ओळ नाही. विम्याकडे एक बिल नाही, सगळं रोख.

मिस विल्माला खेचत आणलं. "हे काय आहे?"

तिने खण बंद केला. "बाळ, हा खण डॉकचा आहे. राहू दे."

"का राहू दे?"

"राहू दे म्हणते ना."

"मिस विल्मा, ती फिट्सची गोळी खातेय! ती गोळी या गोळीचा असर मारते. तिला दिवस गेले तर ती मरेल. हे कॉम्प्युटरवर असतं तर मशीनने त्याच दिवशी बोंब मारली असती!"

मिस विल्माचा चेहरा उतरला. तिला हे माहीत नव्हतं. डॉकच्याही लक्षात आलं नव्हतं, डोळ्यांपुढे धुकं घेऊन बसलेला म्हातारा! मी तिथल्या तिथे फिट्सच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी बदलून घेतली. माझा बाप अशाच एका खणाने मारला. या बाईला मी मरू देणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. तारखा, तीन वर्षांचा हिशेब, सगळं. पुढच्या गोळ्या विम्याच्या बिलावर काढून घरच्या पिशवीत घातल्या. आता बाईला दर गुरुवारी पायपीट करायला नको.

आजच्याइतका अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वर्लीन आली. मी म्हटलं, "मिसेस स्परलॉक, तुमच्यासाठी एक चांगली बातमी..." बाहेर डेल्बर्टचा ट्रक चालू उभा होता, आणि त्याने हॉर्नवर हात ठेवलेला. तिने माझ्या हातातून डबी हिसकावली आणि पळाली. अशी घाई की विचारू नका. असो. उद्या पिशवीत यादी जाईलच.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

स्परलॉकांची पिशवी दिली. प्रकल्पातलं एकेचाळीसावं घर!

मिस विल्मा जेवायला गेली होती. डेल्बर्टपुढे मी छापील यादी उलगडली आणि एकेक औषध समजावलं. बीपी, थायरॉइड, दम्याचा पंप, फिट्सची नवी गोळी.

"आणि ही?"

"ही गर्भनिरोधक. रोज ठरावीक वेळी घ्यायची. जुन्या फिट्सच्या गोळीने हिचा असर कमी होत होता, म्हणून ती बदलून घेतली. चूक मी पकडली," मी म्हटलं. शेखी मिरवायची संधी कशाला सोडू?

त्याने यादी हातात घेतली, नीट वाचली. "कधीपासून घेतेय म्हणालात, डॉक्टरीणबाई?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. "तीन वर्षं आणि दोन महिने."

"तीन वर्षं आणि दोन महिने," तो म्हणाला. "आणि देत कोण होतं? डॉक स्वतः?"

"हो, त्यांच्याच हातून."

मग मी त्याला बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या पत्राबद्दलही सांगितलं, पुन्हा दिवस राहणं किती धोक्याचं ते. किती शांतपणे ऐकून घेतलं त्याने! एकदाही मध्ये बोलला नाही. यादीची बारीक घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, माझे आभार मानले. कामाच्या यादीतलं 'डेल्बर्टशी बोलणे' खोडून टाकलं.

मिस विल्मा परत आल्यावर तिला हे सांगितलं. ती खाली बसली. लेस्टरच्या त्याच खुर्चीवर. मग उठून फोनकडे धावली आणि स्परलॉकांचा नंबर फिरवत राहिली. कोणी उचलला नाही. शेरीफच्या कचेरीलाही लावला. ते म्हणाले, काही घडलंय का? घडलं की कळवा.

"झालं काय एवढं?" मी तीनदा विचारलं. तिने सांगितलं. चार वाक्यांत.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल मी स्वतः गाडी काढून त्यांच्या घरी गेले. अर्ध्या रस्त्यात समोरून ॲम्ब्युलन्स आली. डेल्बर्टच्याच पथकाची. त्याचीच माणसं तिला घेऊन जात होती आणि तो मागून ट्रकने येत होता. मला ओळखून त्याने दोन बोटं वर करून हात केला.

ती हॉस्पिटलात सांगतेय की पायरीवरून पडले.

मी केलं हे. दुसऱ्या कोणी नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

सगळं लिहून काढते, नाहीतर वेड लागेल.

डॉक सकाळी आला, डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी. मिस विल्माने त्याला आदल्या दिवशीच कळवलं होतं. माझ्याकडे बघितलं, कोट चढवला. नऊला दहा कमी असताना डेल्बर्ट आत आला. दाराची कडी लावली, 'उघडे आहे'ची पाटी उलटी केली. हे सगळं सावकाश, घरी आल्यासारखं.

"गुड मॉर्निंग, डॉक. डोळा कसा आहे?"

"धूसर."

"माझा मुलगा मारलास तू. तीन वर्षांत तीन झाले असते."

"तुझी बायको जगवली," डॉक म्हणाला.

मी पुढे झाले. "डॉकने नाही, मी यादीत..." डॉक माझ्या वरताण ओरडला, "मी दिल्या! माझ्या हाताने! या पोरीला काय माहीत, आत्ता आलीय ती!" एवढा मोठा आवाज या माणसात असेल असं वाटलं नव्हतं.

काउंटरवर शोभेला ठेवलेला पितळी खलबत्ता आहे, डॉकच्या वडिलांचा. डेल्बर्टने बत्ता उचलला आणि झाकणीवर मारला. एकदा. प्लास्टिक फुटल्याचा बारीक आवाज झाला. डॉक फळ्यांवर पडला, त्याच्यावर बाटल्या पडल्या. डेल्बर्ट काउंटर चढून आत उतरला आणि पडलेल्या म्हाताऱ्याला बुटाने मारायला लागला. पोटात, छातीत, पुन्हा छातीत. मिस विल्मा त्याच्या पाठीला लटकली. त्याने तिला अशी झटकली की ती खोक्यांवर जाऊन आदळली.

कुऱ्हाडीचा दांडा माझ्या हातात कधी आला ते आठवत नाही. पहिला फटका गुडघ्यावर बसला. वाटी फुटली, ते हाताला कळलं. तो खाली आला, माझा पाय धरला आणि पोटरीत दात रोवले. दुसरा खांद्यावर. मग त्याचा हात उघडला, बत्ता सुटला आणि तो म्हणाला, "बस, बस, डॉक्टरीणबाई." तेव्हा थांबायला हवं होतं. मी आणखी दोन मारले. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. दर फटक्याला बरं वाटलं. 'तीन वर्षं आणि दोन महिने' असं काहीतरी मी ओरडत होते म्हणे, मिस विल्मा सांगते.

शेरीफचा माणूस आला तो डेल्बर्टच्या पथकातलाच. त्याने आधी डेल्बर्टला पाणी दिलं, मग बेड्या घातल्या. ॲम्ब्युलन्समध्ये पहिल्यांदा डेल्बर्टला चढवलं. डॉक जमिनीवर वाट बघत पडून होता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

डॉकचा डावा डोळा काढला. तीन बरगड्या मोडल्यात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहेच आणि त्याला आता हात लावायला डॉक्टर तयार नाहीत. गोळीवरचे आकडे त्याला दिसणार नाहीत, म्हणजे त्याचं काम संपलं.

त्याच मजल्यावर वर्लीन. जबडा तारांनी बांधलेला, डावा हात प्लास्टरमध्ये, एक डोळा बंद. मी पलंगाजवळ गेले. माफी पाठ करून गेले होते. पहिला शब्द तोंडातून निघाला तशी तिने उजव्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. मोडलेल्या बाईच्या अंगात एवढं बळ! मग उशाशी ठेवलेली लिहायची पाटी ओढून लिहिलं: 'तू त्याला मोजून दाखवलंस?'

मी हो म्हटलं.

तिने परत मारली. मी गाल हलवला नाही. तिला आणखी मारायचं असतं तर मी रोज गेले असते. पण ती दमली, आणि पाटीवर चार मुलींची नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या मिस विल्माकडे आहेत म्हटल्यावर पहिल्यांदा रडली. तारांमुळे तिला नीट रडताही येत नव्हतं.

मग डॉककडे गेले आणि भांडले. हो, भांडले. "मला सांगितलं असतंत तर? एक वाक्य! एकच!"

"तिने तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं, डॉक, घरी दिसणार नाही असं काही करता येईल का. मी हो म्हटलं. विम्याचा कागद घरी जातो, त्याच्या नावाने. म्हणून रोख. कॉम्प्युटरवर घातलं की यादीत येतं. म्हणून कार्ड. विल्मालासुद्धा मी सांगितलं नव्हतं, तिला आपसूक कळलं. तुलाही कळेल असं वाटलं."

"मला नाही कळलं."

"हं. तू फिट्सच्या गोळीचं पकडलंस, ते मला पकडता आलं नाही. तिथे तू बरोबर होतीस. तेवढं करून थांबायचं होतंस. आणि मी सांगायला हवं होतं. चूक अर्धी माझी. अर्धी कशाला, वाटून घेऊ नये असल्या गोष्टी."

"तो तुम्हाला मारत होता, तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?"

"अगं, तू रेसिडेन्ट ना माझी," डॉक म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

डेल्बर्ट जामिनावर सुटला. अग्निशमनवाल्यांनी मासे तळून विकले, त्याच्या वकिलासाठी. अर्धं गाव औषधं आणायला दुसऱ्या गावी जातंय. लेस्टर कॉर्नेट मात्र रोज येऊन दारात खुर्ची टाकून बसतो. विचारलं तर म्हणतो, "हवा खातोय."

कोर्टाने डेल्बर्टला दुकानापासून शंभर यार्ड लांब राहायला सांगितलंय. तो दर गुरुवारी रस्त्यापलीकडे, बरोबर शंभर यार्डांवर ट्रक लावतो. आज माझ्या गाडीची काच फुटलेली होती, आत बसायच्या जागी कुऱ्हाड रुतवलेली. अग्निशमनची, लाल मुठीची. दांड्यावर सुरीने कोरलंय: 'कुठे आहे?'

कारण वर्लीन गेलीय. दोन आठवड्यांपूर्वी तारा काढल्या त्याच दिवशी, चारही मुलींसकट. कुठे ते मला ठाऊक नाही. मिस विल्मालाही ठाऊक नाही, किंवा ती तसं म्हणते.

विद्यापीठाच्या बाई येऊन गेल्या. जागा बदलून हवी का, विचारलं. नाही म्हटलं. प्रकल्पाचं काय? साठातली एकोणसाठ घरं पूर्ण, म्हटलं. उरलेलं एक का सुटलं, हे त्यांनी विचारलं. ते घर मोडलं, म्हटलं.

५ डिसेंबर, गुरुवार

आज सकाळी अकरा वाजून... नको, वेळही लिहीत नाही.

डॉक आता रोज येतो आणि मागच्या स्टुलावर बसतो. मी डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्याने वाचते, तो मात्रा सांगतो. शिकवायचं म्हणून नाही, त्याला घरी करमत नाही. समोर रस्त्यापलीकडे ट्रक होता. काच खाली, कोपर बाहेर.

फोन वाजला. लांबच्या एका गावातलं औषधाचं दुकान. एक तरुण मुलगी, आवाजात उत्साह नुसता उतू चाललेला. एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी आमच्याकडून तिच्याकडे घ्यायची होती. नाव सांगितलं. मी रस्त्याकडे पाठ केली. माझे ओठ दिसायला नकोत म्हणून, शंभर यार्डांवरून दिसणार नसले तरी.

"फाइलवर तिचा विमा दिसतोय, त्यावरच बिल करते हं," पोरगी म्हणाली. "आणि आमच्याकडे नवीन योजना आहे, सगळी औषधं एकाच दिवशी आणि छापील..."

"विम्याला हात लावू नकोस."

"काय?"

"विम्याचा कागद नवऱ्याच्या घरी जातो. त्यावर तुझ्या दुकानाचं नाव असतं. गावासकट. कळतंय का तुला मी काय म्हणतेय? बिल करायचं नाही. आठवणीचा फोन नाही, मेसेज नाही, यादी नाही. रोख घे. नसतील तिच्याकडे तर मी पाठवते."

"पण नियमाप्रमाणे नोंद तर..."

"नोंद कर. सगळी औषधं एकत्र बघ, एक गोळी दुसरीला मारत नाही ना ते रोज बघ. फक्त कागद तुझ्या दुकानाबाहेर गेला तर बाई, मी तिथे येईन आणि तुझी तंगडी तोडीन. मला जमतं ते, इथे कोणालाही विचार."

पलीकडून हळू आवाजात, "त्या इथेच उभ्या आहेत समोर."

मी विचारलं, "गळ्याला रुमाल आहे?"

"नाही. का?"

"सहज."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, जबड्यामुळे थोडा जड. तो मी असा मोकळा कधी ऐकलाच नव्हता.

"अजून मोजतेस का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"ऐक. या पोरीला मी सांगितलंय, मला डबी नको. बाटलीत घाल म्हटलं, माझं नाव लिहून. मोठ्या अक्षरात." आणि फोन ठेवला.

कायद्याला लागतं तेवढं एका कार्डावर लिहिलं. कार्ड तिसऱ्या खणात टाकलं, रिकाम्या डबीखाली, आणि खणाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या बुटात आहे. त्या गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही, या वहीतसुद्धा नाही.

"कोण होतं गं?" डॉकने मागून विचारलं.

त्याचा डोळा माझ्यामुळे गेला. या बाईसाठी गेला. त्याला कळायचा हक्क जगात सगळ्यात जास्त.

"चुकून लागला होता," मी म्हटलं. "राँग नंबर."

डॉकने उरलेला एक धूसर डोळा माझ्या आवाजाच्या दिशेने लावला.

"बरं," तो म्हणाला. "पुढची चिठ्ठी वाच."